जुना डेस्कटॉप, नवा लॅपटॉप आणि दोघांना एकमेकांशी बोलायला शिकवणारे जॉन पोस्टेल

नवीन पनवेलमधल्या एखाद्या घरात हे चित्र सहज दिसेल. हॉलच्या कोपऱ्यात वडिलांचा जुना डेस्कटॉप. त्यात विंडोज एक्सपी, दहा-बारा वर्षांचे फोटो, सोसायटीचे हिशोब आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं. टेबलावर नवा लॅपटॉप, त्यात विंडोज ११. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले, म्हणजे फाइल इकडून तिकडे जायला अडचण नसावी. पण लॅपटॉपवरून डेस्कटॉपचं फोल्डर उघडायला गेलं की विंडोज अडवतं. समोरच्या मशीनला एसएमबी१ ही जुनी पद्धत लागते, ती सुरक्षित नाही, सबब जोडता येणार नाही, अशा अर्थाचा मेसेज येतो.

मग कोणीतरी यूट्यूबवर व्हिडिओ बघतं. 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी१ च्या चौकटीत टिक मारायची, लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, फोल्डर उघडतं. काम झालं. ती टिक मात्र पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते.

ही टिक ठेवावी की काढावी? प्रश्न घरगुती वाटतो. पण जुनी आणि नवी यंत्रं एकाच जाळ्यात कशी नांदवायची, हा प्रश्न इंटरनेटच्या जन्मापासूनचा आहे आणि त्यावर एका माणसाने जवळजवळ तीस वर्षं काम केलं. त्यांचं नाव जॉन पोस्टेल.

चार यंत्रं, चार तऱ्हा

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडिना गावचा. शिक्षण लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये. याच शाळेत व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही शिकले. एका साध्या सरकारी शाळेतून इंटरनेट घडवणारे तीन जण निघाले, हा योगायोग अजूनही चकित करतो. तिघं एकत्र काम करू लागले ते मात्र यूसीएलए विद्यापीठात. पोस्टेल यांनी तिथूनच १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी, १९६८ मध्ये मास्टर्स आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समधली पीएचडी घेतली.

१९६९ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर अर्पानेट नावाचं जाळं उभं राहत होतं. पोस्टेल तेव्हा प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी होते. याच प्रयोगशाळेतून २९ ऑक्टोबर १९६९ ला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरला पहिला संदेश गेला. लॉगिन हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरं पोचली आणि समोरचं मशीन कोसळलं.

त्या वर्षाच्या अखेरीस जाळ्यात चार ठिकाणं होती आणि चारही ठिकाणी वेगळं मशीन. यूसीएलएमध्ये सिग्मा ७, स्टॅनफर्डला एसडीएस ९४०, सांता बार्बराला आयबीएम ३६०, युटाला पीडीपी १०. एक मशीन २४ बिटांच्या तुकड्यात विचार करायचं, दोन ३२ च्या, एक ३६ च्या. ए हे अक्षर आतमध्ये कसं साठवायचं यावरसुद्धा एकमत नव्हतं. एक्सपी आणि विंडोज ११ यांच्यातला फरक याच्यापुढे किरकोळ म्हणायचा. ती दोघं निदान एकाच घराण्यातली.

अशा चौघांना बोलायला लावायचं तर नियम हवेत. कोण आधी बोलेल, कोण उत्तर देईल, वाक्य संपलं हे कसं कळेल, अशा ठरवून घेतलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. विद्यार्थ्यांनी हे नियम कागदावर उतरवायला सुरुवात केली. आपण शिकाऊ पोरं, मोठ्यांना राग यायला नको, म्हणून क्रॉकर यांनी या कागदांना प्रतिक्रिया मागवणारं पत्रक अशा अर्थाचं नम्र नाव दिलं. त्याचं लघुरूप आरएफसी. पहिलं आरएफसी निघालं ७ एप्रिल १९६९ ला. आजही इंटरनेटचे नियम याच मालिकेत छापले जातात. पोस्टेल तिचे संपादक झाले आणि सुमारे २८ वर्षं, म्हणजे शेवटपर्यंत राहिले.

वहीवाला माणूस

जाळ्यात आणखी एक भानगड होती, नंबरांची. एका मशीनवर अनेक कामं चालतात: कोणी फाइल मागतं, कोणी मेल पाठवतं. आलेली गोष्ट नेमकी कोणत्या खिडकीवर द्यायची हे कळावं म्हणून प्रत्येक कामाला नंबर लागतो. बँकेत पासबुकाची खिडकी वेगळी आणि रोख रकमेची वेगळी, तसंच. हे नंबर प्रत्येकाने मनाने ठरवले तर सगळा गोंधळ. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एक छोटं पत्रक काढून सुचवलं की नंबर वाटायला एक सर्वेसर्वा नेमावा. तो मीच होऊ का, असंही त्यांनी कंसात, प्रश्नचिन्ह टाकून विचारून घेतलं. कोणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर नंबर हवा असेल तर पोस्टेल यांना विचारायचं आणि ते यादीत नोंद करून द्यायचे, अशी पद्धत पडली. ना निवडणूक, ना फी. पुढे या कामाला आयएएनए असं भारदस्त नाव मिळालं, तरी आतमध्ये मुख्यतः पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉइस रेनल्ड्स यांचीच मेहनत होती. एसएमबी आज ज्या ४४५ नंबरच्या खिडकीवर चालतं, तो नंबरही याच यादीतला, मायक्रोसॉफ्टच्या नावे नोंदलेला.

फाइल शेअरिंगशी पोस्टेल यांचा थेट संबंध आहे तो एफटीपीमुळे. एका मशीनवरची फाइल दुसऱ्या, वेगळ्या जातीच्या मशीनवर नेण्याचा हा प्रोटोकॉल. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला अभय भूषण यांनी. मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीमध्ये होते. पोस्टेल यांनी १९८० मध्ये त्याला नव्या जाळ्यासाठी बदललं आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये रेनल्ड्स यांच्यासोबत त्याचं जे रूप प्रसिद्ध केलं, तेच पुढची कित्येक वर्षं जगभर चाललं. वेबसाइट बनवणाऱ्यांनी फाइलझिलासारखं सॉफ्टवेअर वापरलं असेल. त्याच्या मुळाशी हाच कागद आहे.

१९७७ पासून पोस्टेल यांचा मुक्काम लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे इथे, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होता. लांब दाढी, पायात सँडल, कमी बोलणं. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरात भटकायला जायचं. सह्याद्रीत दर रविवारी कर्नाळा-प्रबळगड करणाऱ्यांना हा माणूस लगेच आवडला असता.

घेताना उदार, देताना काटेकोर

सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये टीसीपी नावाची नवी योजना मांडली होती. वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणारी. पोस्टेल यांचं म्हणणं पडलं की यात दोन कामं एकत्र कालवली आहेत: पाकीट पत्त्यावर नेणं आणि सगळी पाकिटं नीट पोचली का हे तपासणं. ही वेगळी करा, असा आग्रह त्यांनी १९७७ मध्ये धरला. अशी वेगळी झाल्यावर जी जोडी तयार झाली ती टीसीपी/आयपी. राउटरच्या सेटिंगमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा जो पत्ता दिसतो, तो आयपीचा. सप्टेंबर १९८१ मध्ये या दोन्हींचे कागद पोस्टेल यांच्या संपादनाखाली निघाले.

त्यांच्या नावावर जो नियम ओळखला जातो तो याच काळातला. थोडक्यात असा: दुसऱ्याला काही पाठवताना नियम काटेकोर पाळा, पण दुसऱ्याकडून आलेलं थोडं वेडंवाकडं असलं तरी समजून घ्या. आपल्याकडचा पोस्टमन असंच करतो. पाकिटावर पिनकोड नसला, गल्लीचं नाव चुकलं, तरी पत्र घरी येतं. पोस्टाचा स्वतःचा शिक्का मात्र तारखेसकट नेमका असतो.

या एका सवयीमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वयाची मशीन एकमेकांशी बोलू शकली. सगळ्यांनी आधी परिपूर्ण व्हा आणि मग जोडा, अशी अट असती तर इंटरनेट बहुधा चार-पाच विद्यापीठांतच राहिलं असतं.

पण इथे पोस्टेल यांची दुसरी बाजू पाहायला हवी. ती कमी सांगितली जाते आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे.

अर्पानेटवर तोवर एनसीपी नावाचा जुना प्रोटोकॉल चालायचा. सगळ्यांना टीसीपी/आयपीवर आणायचं होतं. नोव्हेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांनी त्याचा आराखडा लिहिला, आरएफसी ८०१. त्यात मुदत ठरवली: १ जानेवारी १९८३. त्या दिवसापासून जुनी भाषा बंद. मधलं १९८२ हे वर्ष दोन्ही भाषांचं. ज्या मशीनला फक्त जुनी भाषा येते आणि ज्याला फक्त नवी येते, त्यांनी काय करायचं? त्यासाठी काही मशीन दुभाषी म्हणून ठेवायची. जुन्याकडून फाइल किंवा मेल जुन्या भाषेत घ्यायची आणि नव्याला नव्या भाषेत द्यायची. दुभाष्याचं कामही तात्पुरतंच.

मुदत दिली म्हणून लोक हलतात असं नाही, हे काही फक्त भारतातच खरं नाही. १९८२ च्या मध्यावर एक दिवस जुना प्रोटोकॉल मुद्दाम बंद करून दाखवण्यात आला. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं काम ठप्प, फोन खणखणले. शरद ऋतूत पुन्हा दोन दिवस बंद. जानेवारी उजाडला तेव्हाही काहींची तयारी अपुरी होती आणि त्यांना थोडी सवलत द्यावी लागली, पण जाळं नव्या भाषेवर गेलं ते गेलंच. यातून तगून निघाल्याचे बिल्ले काही जणांनी छातीवर लावले.

पनवेलच्या त्या घरात हाच आराखडा लागू पडतो. एक्सपीला फक्त एसएमबी१ येतं. विंडोज व्हिस्टापासून एसएमबी२ आलं, विंडोज ८ पासून एसएमबी३. म्हणजे जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा असेल, तर एसएमबी१ ची गरजच नाही. अडचण बहुतेक वेळा पासवर्डची असते, कारण नव्या विंडोजमध्ये बिनपासवर्डचं शेअरिंग अडकतं. जुना कॉम्प्युटर एक्सपीचा असेल आणि विंडोज ७ चं तिसरं मशीन हाताशी असेल, तर ते दुभाषी होऊ शकतं, कारण त्याला दोन्ही येतात. एक्सपीतून फाइल त्यावर घ्यायच्या, तिथून लॅपटॉपवर. लॅपटॉपमध्ये कसलीही टिक लागत नाही. एवढा वेळ राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढून ठेवावी. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ पासून आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सर्वसाधारण सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आहे. घरातलं वाय-फाय वायर काढल्यावरही चालतं, फक्त बाहेरचा रस्ता बंद होतो.

दुभाषी नसेल तर टिक मारण्यावाचून गत्यंतर नाही, पण ती पूर्ण नको. एसएमबी१ च्या चौकटीखाली तीन उपचौकटी असतात: क्लायंट, सर्व्हर आणि आपोआप काढून टाकण्याची. लॅपटॉपवरून डेस्कटॉपचं फोल्डर उघडायचं तर क्लायंट पुरतो. सर्व्हरवर टिक म्हणजे लॅपटॉपचं स्वतःचं दार जुन्या किल्लीने उघडं ठेवणं. तिसरी चौकट चालू असेल तर पंधरा दिवस वापर न झाल्यास विंडोज एसएमबी१ स्वतःहून काढून टाकतं. आणि सगळ्यात सोपा उपाय विसरू नये: एक्सपीची हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला लावली की नेटवर्कचा प्रश्नच उरत नाही. (जुन्या फॉन्टमधली पत्रं तरीही अगम्य दिसतील. तो फॉन्टही सोबत कॉपी करावा लागेल.)

नावांचा कारभार

१९८३ नंतर जाळं वाढत गेलं आणि आकडी पत्ते लक्षात ठेवणं अशक्य झालं. पोस्टेल यांच्या सांगण्यावरून त्यांचे सहकारी पॉल मोकापेट्रिस यांनी त्याच वर्षी डोमेन नेम पद्धत तयार केली. डॉट कॉम, डॉट एज्यु ही विभागणी १९८४ च्या आरएफसी ९२० मधली, पोस्टेल आणि रेनल्ड्स यांची. देशांना दोन अक्षरी नावं द्यायची ठरली तेव्हा देश कोणता आणि कोणता नाही या वादात पडायचं नाही, म्हणून पोस्टेल यांनी आयएसओची तयार यादी उचलली. राजकारण बाहेरच्या बाहेर. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि त्याची व्यवस्था पुढची अनेक वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती.

नव्वदच्या दशकात नावांना पैशाची किंमत आली. डॉट कॉमची नोंदणी अमेरिकी सरकारच्या कंत्राटाखाली नेटवर्क सोल्यूशन्स ही कंपनी करायची आणि १९९५ पासून त्यासाठी फी घेऊ लागली. सगळ्या नावांची मूळ यादी त्यांच्याच मशीनवर असायची आणि जगातले बाकी बारा रूट सर्व्हर ती तिथून उतरवून घ्यायचे. ही यादी कोणाची, यावर कंपन्या, सरकार आणि इंजिनिअर यांच्यात ओढाताण सुरू झाली.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी बारापैकी आठ सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला. यापुढे यादी कंपनीकडून न घेता आमच्या मशीनवरून घ्या. आठही जणांनी तसं केलं. कोणाचं इंटरनेट बंद पडलं नाही, सामान्य माणसाला पत्ताही लागला नाही. पण व्हाइट हाउसमध्ये खळबळ माजली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हे थांबवायला सांगितलं आणि आठवड्याभरात सगळं पूर्ववत झालं. पोस्टेल यांनी ही फक्त चाचणी असल्याचं सांगितलं. इंटरनेटची किल्ली खरी कोणाकडे आहे हे त्यांनी दाखवून दिलं, असं काहींचं मत. काहींना तो अधिकाराचा अतिरेक वाटतो. मला त्यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते: एवढं मोठं जाळं एका माणसावरच्या विश्वासावर चाललं होतं आणि तो माणूस आजारी होता.

पोस्टेल यांच्या हृदयाच्या झडपेवर १९९१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. १९९८ च्या सप्टेंबरअखेर त्यांचं काम पुढे नेण्यासाठी आयकॅन ही संस्था नोंदवली गेली. तिची घडी बसायच्या आत, दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर, १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५. दुसऱ्याच दिवशीच्या तारखेने सर्फ यांनी श्रद्धांजली लिहिली. ती आरएफसी म्हणूनच छापली गेली, क्रमांक २४६८.

न्हावा शेवा, जून २०१७

पोस्टेल यांच्या नियमाची उलट तपासणी त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये त्यांचेच सहकारी रॉबर्ट ब्रॅडन यांनी नियम कायम ठेवून बजावलं होतं की समोरून येणारं पाकीट मुद्दाम नुकसान करायला पाठवलेलं असू शकतं, असं धरूनच प्रोग्राम लिहा. विद्यापीठांच्या जाळ्यात सगळे ओळखीचे होते. ते दिवस संपले होते.

पनवेल-उरण भागात याचा प्रत्यय २७ जून २०१७ नंतर आला. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि त्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं नेटवर्क आडवं केलं. मर्स्कच्याच समूहाकडे न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल होतं. तिथलं कॉम्प्युटरवरचं काम थांबलं, कंटेनर कुठला आणि कुणाचा हे हाताने नोंदवायची वेळ आली आणि माल अडकला. उरण रस्त्याला ट्रेलरची रांग रोजचीच, पण तिचं कारण कीव्हमध्ये असेल हे कोणाला वाटलं असतं?

एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरायला या व्हायरसकडे एकाहून जास्त मार्ग होते. चोरलेले पासवर्ड हा एक, एसएमबी१ मधलं भोक हा दुसरा. हेच भोक महिनाभर आधी वॉनाक्रायने वापरलं होतं. ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, पण असंख्य मशीनवर तो घातलेला नव्हता आणि एसएमबी१ ची कोणाला गरज असो वा नसो, ते सुरूच होतं. त्या वर्षअखेरच्या विंडोज १० पासून एसएमबी१ आधीपासून बसवलेलं येणं बंद झालं. लॅपटॉपवरचा तो अडवणारा मेसेज तिथून आलेला आहे.

याचं खापर पोस्टेल यांच्या नियमावर फोडणं मला पटत नाही. ते भोक म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कोडमधली चूक होती. शिवाय ज्या माणसाने जुन्या यंत्रांना सांभाळून घ्यायला सांगितलं, त्यानेच एनसीपीला तारीख देऊन बंद केलं होतं. एसएमबी१ ला मात्र तीसेक वर्षं कोणी तशी तारीख दिली नाही.

इंजिनिअरांचा वाद अजून मिटलेला नाही. जून २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ निघालं. त्यात पोस्टेल यांच्या नियमाचा आदराने उल्लेख करून म्हटलं आहे की समोरच्याच्या चुका गुपचूप पोटात घातल्या तर त्या चुकाच हळूहळू नियम होऊन बसतात. त्यापेक्षा चूक लवकर दाखवावी आणि प्रोटोकॉलची सतत डागडुजी करत राहावी. २८ वर्षं पोस्टेल यांनी सांभाळलेल्या मालिकेतच हा कागद छापला गेला.